रक्तपर्णकृमींच्या कुलाचा वंशवृक्ष आणि त्यातील भारतीय पान : परळ, गिमवी आणि भंडाऱ्याचे तलाव

प्रस्तावना

इतिहासाच्या प्राध्यापकाने कृमींच्या वंशावळीविषयी लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु वंशावळ हा मुळात इतिहासाचाच विषय होय. एखाद्या राजघराण्याची वंशावळ निश्चित करताना आपण ताम्रपट, शिलालेख व बखरी यांचा आधार घेतो आणि ही साधने परस्परविरोधी बोलू लागली की कोणते साधन समकालीन व कोणते उत्तरकालीन, याची छाननी करतो. प्राणिशास्त्रज्ञ जेव्हा एखाद्या कुलातील जातींचे परस्परसंबंध ठरवितो, तेव्हा तोही याच मार्गाने जात असतो. त्याच्यापुढील साधने मात्र निराळी असतात. अंड्याचा आकार, मध्यस्थ गोगलगायीची जात आणि गेल्या तीन दशकांत उपलब्ध झालेला डीएनएचा पुरावा ही ती साधने होत.

प्रस्तुत लेखात शिस्टोसोमॅटिडी या परजीवी चपट्या कृमींच्या कुलाचा वंशवृक्ष कसकसा बदलत गेला आणि त्या बदलात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, संशोधनाचे स्थान काय होते, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्राणिशास्त्राच्या मराठी परिभाषेत इंग्रजी जीनससाठी ‘प्रजाती’ आणि स्पीशीजसाठी ‘जाती’ हे शब्द रूढ आहेत. येथेही तेच वापरले आहेत.

पर्णकृमींच्या वर्गात हे कुल अनेक अर्थांनी वेगळे आहे. बहुतेक पर्णकृमी पानासारखे पसरट आणि उभयलिंगी असतात. मेंढ्यांच्या यकृतातील पर्णकृमी हे त्याचे परिचित उदाहरण होय. शिस्टोसोमॅटिडी कुलातील कृमी मात्र दोऱ्यासारखे लांबट असतात, त्यांच्यात नर व मादी वेगळे असतात आणि त्यांचे वास्तव्य पोशिंद्या प्राण्याच्या रक्तवाहिन्यांत असते. शिस्टोसोमा प्रजातीत नराच्या पोटाकडील पन्हळीत मादी जवळजवळ आयुष्यभर राहते. मादीने घातलेली अंडी विष्ठा, मूत्र किंवा नाकातील स्रावाबरोबर बाहेर पडतात. ती पाण्यात पडली की त्यांतून केसाळ डिंभ निघतो व विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरतो. तेथे त्याची संख्या वाढते आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीचे असंख्य डिंभ पाण्यात सुटतात. त्यांना सर्केरिया म्हणतात. पाण्यात उतरलेल्या प्राण्याच्या कातडीतून ते थेट शरीरात शिरतात. मध्ये दुसरा पोशिंदा लागत नाही, काही खावे वा प्यावेही लागत नाही. पाण्यात उभे राहणे एवढे निमित्त पुरे होते.

या कुलात शंभराच्या आसपास जाती असून बहुसंख्य प्रजाती पक्ष्यांच्या रक्तात राहतात. मानवाला बिल्हार्झिया हा रोग जडविणाऱ्या थोड्या जातींमुळे हे कुल जगाच्या वैद्यकीय इतिहासात प्रसिद्धीस आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगावरील प्रतिबंधक उपचारांची आवश्यकता होती. त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिका खंडातील होते.

काट्यावरून कुळी

या कृमीचा शोध १८५१ साली कैरो येथील कसर-अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन वैद्याला शवविच्छेदन करताना लागला. १८५८ मध्ये वाइनलँड याने शिस्टोसोमा हे प्रजातीनाम दिले. पुढील अर्धशतक मुख्यतः एका प्रश्नावर वादात गेले. काही रुग्णांच्या मूत्रात सापडणाऱ्या अंड्यांना टोकाशी काटा असे, तर काहींच्या विष्ठेतील अंड्यांना बाजूला काटा असे. ही एकाच जातीची दोन रूपे की दोन जाती? कैरोतील आर्थर लूस हा त्या काळचा सर्वमान्य अधिकारी एकाच जातीचा आग्रह धरून होता. शिवाय मध्यस्थ गोगलगायीची गरज नाही, असेही त्याचे मत होते. १९०७ साली सॅम्बनने बाजूच्या काट्याच्या जातीला शिस्टोसोमा मॅन्सोनी हे स्वतंत्र नाव दिले, तरी वाद मिटला नाही. तो मिटविला दोन दूरच्या घटनांनी. १९१३ मध्ये मियाइरी व सुझुकी या जपानी संशोधकांनी पूर्व आशियातील जातीचा मध्यस्थ पोशिंदा गोगलगाय असल्याचे दाखवून दिले आणि १९१५ साली ब्रिटिश युद्ध खात्याने इजिप्तमध्ये पाठविलेल्या लायपरने दोन्ही जाती वेगवेगळ्या गोगलगायींतून वाढतात, हे सिद्ध केले.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लायपर इजिप्तला गेला तो विद्येच्या ओढीपेक्षा सैन्याच्या गरजेपोटी. नाईलच्या कालव्यांत उतरणाऱ्या शिपायांना रोग जडू नये, ही त्यामागील चिंता होती. कृमिशास्त्रात शिकलेले आणि पुढे विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेले जॉन फार्ली यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या बिल्हार्झियाच्या इतिहासात या रोगाच्या संशोधनाचा साम्राज्याच्या गरजांशी असलेला संबंध विस्ताराने मांडला आहे. भारतातील प्रकरण त्याच सूत्रात बसते.

अंड्याचा काटा आणि गोगलगायीची जात या दोन साधनांवर वर्गीकरणाची जी चौकट उभी राहिली, ती जवळजवळ विसावे शतक संपेपर्यंत टिकली. तीनुसार शिस्टोसोमा प्रजातीचे चार गट मानले गेले. आफ्रिकेतील टोकाशी काटा असलेल्या जातींचा हिमॅटोबियम गट बुलिनस गोगलगायींवर अवलंबून असतो. बाजूला काटा असलेला मॅन्सोनी गट बायोम्फालॅरियावर आणि अगदी लहान काट्याचा जॅपोनिकम गट पूर्व आशियातील ऑन्कोमेलॅनिया व तिच्या नातलग गोगलगायींवर वाढतो. या तिघांत जे बसले नाही ते भारतीय उपखंडातील गुराढोरांचे कृमी चौथ्या, इंडिकम गटात ठेवण्यात आले. हा चौथा गट खरे तर भौगोलिक सोय होती. ‘इतर’ या सदरात जसे आपण न लागलेले कागद ठेवतो, तसे हे झाले होते.

या गटाची सुरुवात १९०६ साली झाली. कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या शाही जीवाणू प्रयोगशाळेतील माँटगोमेरी याने घोड्याच्या रक्तवाहिन्यांतून शिस्टोसोमा इंडिकम आणि गुरांतून शिस्टोसोमा स्पिंडेल या जातींचे वर्णन केले. स्पिंडेल हे नाव तिच्या चातीसारख्या निमुळत्या अंड्यावरून आले. १९२६ मध्ये कलकत्त्यात असलेल्या चँडलरने बंगालमधील माणसांच्या विष्ठेत सापडलेल्या अंड्यांवरून आणखी एक जात मानली. प्रौढ कृमी त्याने पाहिलाच नव्हता. म्हणून तिचे नाव शिस्टोसोमा इन्कॉग्निटम, म्हणजे ‘अज्ञात’. पुढे हाच कृमी डुकरांत सापडला, त्याला निराळे नाव मिळाले आणि १९५६ साली सिन्हा व श्रीवास्तव यांनी दोन्ही एकच असल्याचे मांडले. १९३३ मध्ये मद्रासकडील राव यांनी गुरांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जातीला शिस्टोसोमा नेझेल असे नाव दिले. तिचे अंडे बूमरँगसारखे वाकलेले असते. यावरून दिसते की इंडिकम गटातील जातींचे एकमेकींशी काय नाते आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारलाच नव्हता. त्या भारतात सापडल्या, एवढेच त्यांना एकत्र बांधणारे सूत्र होते.

परळची प्रयोगशाळा

पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि मेसोपोटेमियाच्या आघाड्यांवर मोठ्या संख्येने भारतीय सैनिक गेले होते. ते परत येताना रक्तपर्णकृमी घेऊन आले आणि येथील एखादी गोगलगाय त्या कृमीला मानवली, तर रोग देशभर पसरेल, अशी भीती सरकारला वाटू लागली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ या कामाला लागले. गोड्या पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या सर्केरियांचे सेवेल याने केलेले सविस्तर वर्णन १९२२ साली प्रसिद्ध झाले, ते याच भीतीचे फलित. अॅनंडेल आणि बैनी प्रसाद यांनी १९२१ साली भारतातील एका सर्वत्र आढळणाऱ्या चकतीसारख्या गोगलगायीसाठी इंडोप्लॅनॉर्बिस ही नवी प्रजाती स्थापन केली. त्यापूर्वी तिला प्लॅनॉर्बिस एक्झस्टस म्हणत. या नामांतराला पुढे अनपेक्षित महत्त्व आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मुंबईत परळला झाले. तेथील बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, जिचे १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव झाले, प्लेगच्या लसीसाठी विख्यात होती. लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी १९१८ साली शिस्टोसोमा स्पिंडेलच्या जीवनचक्राविषयी लेख प्रसिद्ध केला व या कृमीचा मध्यस्थ पोशिंदा प्लॅनॉर्बिस एक्झस्टस असल्याचे दाखविले. १९२१ मध्ये सोपारकरांनी त्याच्या सर्केरियावर स्वतंत्र निबंध लिहिला व मुंबई परिसरातील दुभंगलेल्या शेपटीच्या इतर सर्केरियांचेही वर्णन केले. लायपरच्या इजिप्तमधील शोधानंतर तीन वर्षांच्या आत हे काम झाले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यानंतर फेअरली, मॅकी आणि जसुदासन यांचा स्पिंडेलवरील विस्तृत अहवाल १९३० साली आला. फेअरली याने इजिप्तमध्ये बिल्हार्झियावर काम केले होते. माणसावर जे प्रयोग करता येत नाहीत, ते गुरांच्या या कृमीवर करता येतील, असा त्याचा विचार होता.

सोपारकरांचे नाव मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे. परळच्या प्रयोगशाळेचा इतिहास सांगताना आपण हाफकिनपाशी सुरुवात करतो आणि प्लेगपाशी थांबतो. गुरांच्या रक्तातील कृमीचे चक्र उलगडणाऱ्या माणसाला त्या कथेत जागा मिळत नाही, कारण त्याच्या शोधाने माणसांचे प्राण वाचविले नाहीत. उपयुक्ततेची ही मोजपट्टी वसाहतकालीन आहे. सैन्याला धोका नाही असे दिसताच सरकारचा या विषयातील रस ओसरला आणि पुढचे काम प्रामुख्याने पशुवैद्यकांच्या हाती राहिले.

गोंडवनापासून डीएनएपर्यंत

शिस्टोसोमा प्रजातीचे मूळ कोठले, या प्रश्नाला दीर्घकाळ गृहीत धरलेले उत्तर ‘आफ्रिका’ हे होते. जातींची संख्या तेथे अधिक, माणसांतील रोगाचा भारही तेथेच अधिक. तेव्हा उगमही तेथलाच, असा तर्क होता. गोगलगायींचे अभ्यासक जॉर्ज डेव्हिस यांनी १९८० च्या सुमारास त्याला भूशास्त्राची जोड दिली. आफ्रिका, भारत, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया एकत्र असताना या कृमींचे पूर्वज अस्तित्वात होते. पुढे भारताचा भूखंड आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे सरकला, तेव्हा गोगलगायी आणि त्यांचे कृमी त्याबरोबर आशियात आले व ईशान्येकडील वाटेने चीनपर्यंत पसरले, अशी त्यांची मांडणी होती. या मतानुसार भारत म्हणजे कृमींना आशियात आणून सोडणारी नौका ठरतो.

त्या प्राचीन महाखंडाचे गोंडवन हे नाव आपल्याच प्रदेशातले आहे. मेडलिकॉट याने मध्य भारतातील खडकांच्या थरांना १८७२ साली ते दिले आणि १८८५ मध्ये सूस याने ते साऱ्या महाखंडासाठी स्वीकारले. वैनगंगेच्या खोऱ्यातील गोंडांच्या राज्याचे नाव अशा रीतीने पृथ्वीच्या इतिहासात गेले. भंडाऱ्याच्या वाचकाने याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. डेव्हिसांची उपपत्ती मात्र त्याने अधिक खरी ठरत नाही.

ती तपासण्याचे साधन १९९० नंतर हाती आले. पेशीतील रायबोसोमशी निगडित जनुकांचा क्रम सर्व जातींत थोड्याफार फरकाने सारखा असतो. ज्या दोन जातींत फरक कमी, त्या नात्याने जवळच्या, हे त्यामागील तत्त्व होय. हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून मूळ प्रतीची शाखा ठरविणाऱ्या संशोधकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या स्नायडर आणि लोकर यांनी २००० साली कुलातील बहुतेक प्रजातींचे असे क्रम तुलनेसाठी घेतले. त्यांना कुलाच्या दोन मोठ्या शाखा दिसल्या. एका शाखेत शिस्टोसोमा आणि आशियातील ओरिएंटोबिल्हार्झिया होत्या. दुसऱ्या शाखेत पक्ष्यांतील कृमी आणि त्यांच्याबरोबर उत्तर अमेरिकेतील सस्तन प्राण्यांतल्या दोन प्रजाती होत्या. याचा अर्थ, सस्तन प्राण्यांच्या रक्तात राहण्याची पद्धत या कुलात एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे आली असावी. शिस्टोसोमाच्या शाखेत तळाशी, म्हणजे सर्वांत आधी फुटलेल्या फांद्यांवर, आशियातील जाती आल्या. आफ्रिकेतील जाती वरच्या फांद्यांवर होत्या. यावरून या प्रजातीचे मूळ आशियात असून ती नंतर आफ्रिकेत गेली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २००३ मध्ये लॉकयर व सहकाऱ्यांनी तीन जनुकांच्या आधारे केलेल्या अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. ओरिएंटोबिल्हार्झिया ही शिस्टोसोमाच्याच फांद्यांमध्ये बसते, असेही त्यातून स्पष्ट झाले आणि २०१२ साली अल्धून व लिटलवूड यांनी तिच्या जाती रीतसर शिस्टोसोमात समाविष्ट केल्या. ओरिएंटोबिल्हार्झिया हे नाव १९५५ मध्ये इज्जतनगरच्या दत्त आणि श्रीवास्तव या भारतीय संशोधकांनी दिले होते. ते नाव गेले. त्यांनी केलेले कृमींचे वर्णन मात्र आजही वापरले जाते.

मग भारतातील इंडिकम गटाचे काय? आशियात मूळ असेल तर आशियातील हा गट तळाशी असावयास हवा होता. तसे दिसले नाही. अगात्सुमा आणि सहकारी यांनी २००२ साली, तसेच अॅटवुड आणि सहकारी यांनी २००७ साली केलेल्या अभ्यासांत इंडिकम, स्पिंडेल व नेझेल या तीन जाती आफ्रिकेतील हिमॅटोबियम गटाच्या शेजारी आल्या. चँडलरचा ‘अज्ञात’ मात्र त्यांच्यापासून दूर, निराळ्याच फांदीवर निघाला. म्हणजे ‘इतर’ या सदरातील कागद उलगडले, तेव्हा त्यांतील एक भलत्याच दप्तरातला होता. उरलेल्या तिघांविषयी असे मांडले जाते की आशियातून आफ्रिकेत गेलेल्या वंशाची एक शाखा पुन्हा आशियाकडे वळली व भारतात स्थिरावली.

या निष्कर्षाला गोगलगायींच्या बाजूनेही आधार मिळतो. इंडोप्लॅनॉर्बिसचे डीएनएनुसार सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेतील बुलिनस होत. हिमॅटोबियम गट बुलिनसवर, आणि त्याचा भारतीय सोयरा इंडोप्लॅनॉर्बिसवर. कृमी व गोगलगाय यांची दोन स्वतंत्र वंशावळी एकमेकींना साक्ष देतात. इन्कॉग्निटम मात्र लिम्निया जातीच्या गोगलगायीतून वाढतो; ते वेगळेपण १९५० च्या दशकातच माहीत होते, पण त्याचा अर्थ कळावयास आणखी अर्धशतक लागले. १९२१ मध्ये प्रसाद व अॅनंडेल यांनी इंडोप्लॅनॉर्बिसला स्वतंत्र नाव दिले नसते, तर ती युरोपातील प्लॅनॉर्बिसच्या गर्दीत राहिली असती आणि हा धागा सापडणे अधिक कठीण गेले असते.

मानवी इतिहासाचा ठसा या वंशवृक्षावर थेट उमटलेला दिसतो तो अमेरिकेत. शिस्टोसोमा मॅन्सोनी तेथे पोहोचला तो गुलामांच्या जहाजांतून. तेथे बायोम्फालॅरिया आधीच उपस्थित होती, म्हणून तो टिकला. हिमॅटोबियमही त्याच जहाजांतून गेला असणार, परंतु बुलिनस नसल्यामुळे त्याचा वंश तेथे चालला नाही. गोगलगाय नाही तर कृमी नाही, हा नियम येथे स्पष्ट दिसतो. या नियमाला अपवाद वाटावा असे एक गाव आपल्या महाराष्ट्रात आहे.

गिमवी

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी हे गाव आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी तेथील माणसांमध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळल्याचे प्रसिद्ध केले. हे रुग्ण परदेशातून रोग घेऊन आलेले नव्हते. भारतात माणसामाणसांत हा रोग पसरत असलेले हे पहिले नोंदलेले ठिकाण होय आणि तशा प्रकारचे दुसरे ठिकाण आजवर सर्वमान्य झालेले नाही. अंड्यांच्या टोकाशी काटा होता. कृमी शिस्टोसोमा हिमॅटोबियम असल्याचे ठरविण्यात आले आणि मध्यस्थ म्हणून फेरिशिया टेन्युइस या, दगडाला टोपीसारख्या चिकटून राहणाऱ्या बारीक गोगलगायीचे नाव पुढे आले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारला जी भीती वाटत होती, ती तीस वर्षांनी कोकणातील एका लहानशा गावात खरी ठरल्यासारखी दिसली.

परंतु वंशवृक्षाच्या दृष्टीने पाहता प्रश्न येथेच सुरू होतात. भारतात बुलिनस नाही. हिमॅटोबियम फेरिशियामध्ये वाढतो, असे अन्यत्र आढळलेले नाही. पूर्वी फेरिशियाला अगदी वेगळ्या कुलात ठेवीत. आता डीएनएच्या आधारे तिला बुलिनस आणि इंडोप्लॅनॉर्बिसच्याच विस्तृत कुलात स्थान मिळाले आहे. त्यामुळे जुनी शंका थोडी सौम्य होते. नाहीशी होत नाही. पोर्तुगालच्या दक्षिण भागातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिमॅटोबियमचा एक पट्टा होता आणि तेथेही बुलिनसऐवजी प्लॅनॉर्बेरियस ही तिची नातलग गोगलगाय मध्यस्थ होती. म्हणजे गिमवी हे अशक्य कोटीतले उदाहरण नाही.

दुसरी शक्यता अशी की गिमवीचा कृमी शुद्ध हिमॅटोबियम नसावा. साऊथगेट आणि जबलपूरचे एम. सी. अग्रवाल यांनी १९९० साली भारतातील मानवी शिस्टोसोमियासिसविषयी लिहिताना हा प्रश्न उघडपणे उपस्थित केला. अंड्याच्या टोकाचा काटा हा पुरावा पुरेसा नाही, कारण तो गुरांतील काही जातींनाही असतो. तेव्हा जे तर्काने बोलावे लागत होते, त्याला पुढे प्रत्यक्ष उदाहरण मिळाले. २०१३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर एका नदीत पोहणाऱ्या लोकांना हा रोग जडला. तेथील कृमी हिमॅटोबियम आणि गुरांतील शिस्टोसोमा बोव्हिस यांचा संकर असल्याचे डीएनएने दाखविले व त्याचे मूळ सेनेगलकडे निघाले. माणसाचा आणि गुरांचा कृमी यांच्यातील भिंत आपण समजत होतो तेवढी पक्की नाही.

गिमवीची पुन्हा पाहणी झाली. हाफकिन इन्स्टिट्यूटच्या गायतोंडे आणि सहकाऱ्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला आहे. पण तो काळ डीएनएच्या आधीचा होता आणि पुढे तेथील संक्रमण मंदावले. जनुकांच्या क्रमावर आधारलेल्या आजच्या वंशवृक्षात त्यामुळे गिमवीच्या कृमीला फांदी नाही. जगातील तज्ज्ञ भारताविषयी लिहिताना गिमवीचा उल्लेख करतात आणि तेथे एक प्रश्नचिन्ह ठेवतात. माझ्या मते हे प्रश्नचिन्ह जीवशास्त्राइतकेच दप्तरखान्याच्या कारभारावरही आहे. साध्या काचेच्या पट्टीवर सुकलेली अंडी किंवा मद्यार्कात ठेवलेल्या गोगलगायी जर एखाद्या कपाटात जपल्या गेल्या असतील, तर त्यांतून उत्तर निघू शकते. मोडी कागद जपण्यासाठी आपण आंदोलने केली. प्रयोगशाळेतील नमुने हेही ऐतिहासिक साधन आहे, ही जाणीव मात्र अजून रुजलेली नाही.

भंडाऱ्याच्या तलावांत

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९०८ साली रसेल याने संपादित केलेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे. मालगुजारी १९५१ साली संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून रूढ झाला. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याने नवेगावसारखे प्रसिद्ध बांध तिकडे गेले, तरी उरलेल्या भंडाऱ्यातही धानाची बांधी, शिंगाड्याची बोडी आणि गुरांचे पाणवठे यांचे जाळे तेवढेच दाट आहे. उथळ, संथ, पाणवनस्पतींनी भरलेले पाणी इंडोप्लॅनॉर्बिस व लिम्निया या दोन्ही गोगलगायींना मानवते आणि दोन्ही भारतभर अशाच पाण्यात आढळतात. दक्षिणेकडे गोसेखुर्दच्या कालव्यांनी तशा पाण्यात भर घातली आहे. धरणे व कालवे आले की गोगलगायींचा विस्तार होतो, हे नाईल आणि सेनेगल या दोन्ही नद्यांच्या काठी अनुभवास आलेले आहे.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की भंडाऱ्यात माणसांतील बिल्हार्झियाचे ठिकाण असल्याची नोंद नाही. परंतु गुरांतील जातींचे सर्केरिया माणसाच्या कातडीत शिरतात. पुढे ते वाढू शकत नाहीत, कातडीतच मरतात आणि त्या जागी खाज व पुरळ उठते. आसामातील धानशेतीत काम करणाऱ्यांमध्ये असा त्वचारोग १९९४ साली नोंदला गेला आणि २००० साली अग्रवाल व सहकाऱ्यांनी भारतातील या त्वचारोगाकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातून लक्ष वेधले. रोवणीच्या दिवसांत बायांच्या पायांना सुटणारी खाज आपण चिखलाच्या व खताच्या खाती जमा करतो. ती काही वेळा चिखलाचीच असेल. पण धिवर आणि रोवणीला जाणाऱ्या बाया यांच्या पोटऱ्यांवरील पुरळाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, कारण त्यासाठी दवाखान्यात जाण्याइतका वेळ त्या हंगामात कोणालाच नसतो.

गुरांची गोष्टही यापेक्षा वेगळी नाही. नेझेलची बाधा झालेल्या बैलाच्या नाकात गाठी वाढतात व श्वास घेताना तो घोरल्यासारखा आवाज करतो. म्हशीत हाच कृमी असला तरी बहुधा बाह्य लक्षण दिसत नाही. तलावावर पाणी पिताना नाकातील शेंबूड पाण्यात पडतो व त्याबरोबर अंडी गोगलगायींपर्यंत पोहोचतात. पाणवठा तोच, गुरे तीच, गोगलगाय तीच. चक्र पुरे व्हावयास आणखी काही लागत नाही. घोरणारा बैल बाजारात कमी किमतीला जातो, एवढेच त्याचे अर्थशास्त्र शेतकऱ्याला ठाऊक असते.

भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेश प्रांताचा भाग होता आणि प्रांताचे पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासून जबलपूरला होते. नागपूरचे महाविद्यालय १९५८ साली, म्हणजे प्रांत बदलल्यावर सुरू झाले. या विषयातील भारतातील सलग काम जबलपूरलाच झाले आणि अग्रवाल यांचा दक्षिण आशियातील शिस्टोसोमांवरील ग्रंथ २०१२ साली तेथील अनेक वर्षांच्या नोंदींवर उभा राहिला. प्रांताची सीमा सरकली नसती, तर भंडाऱ्याची गुरे त्या नोंदींत अधिक आली असती काय, हा प्रश्न निव्वळ कल्पनेचा नाही. विदर्भाच्या इतिहासात अशा अनेक विषयांची दप्तरे सीमेच्या पलीकडे राहिली आहेत.

२००२ आणि २००७ च्या ज्या दोन अभ्यासांनी इंडिकम गटाचे नाते उलगडले, त्यांतील नमुने बांगलादेश, श्रीलंका आणि थायलंड यांसारख्या शेजारी देशांतून आलेले होते. ज्या जातींना भारताचे नाव आहे आणि ज्यांचे वर्णन मुक्तेश्वर, परळ व मद्रास येथील भारतीय गुरांवरून झाले, त्यांचे स्थान शेजाऱ्यांच्या गुरांवरून निश्चित करण्यात आले. इंडोप्लॅनॉर्बिस ही एकच जात नसून दिसायला सारख्या अनेक जातींचा समूह असावा, असे २०१० मधील अभ्यासातून पुढे आले आहे. त्यांपैकी भंडाऱ्याच्या बोड्यांत कोणती आहे आणि तिच्यात नेझेल वाढतो की स्पिंडेल, हे पाहण्यासाठी लागणारी साधने फार मोठी नाहीत. सकाळच्या उन्हात काचेच्या भांड्यातील पाण्यात ठेवलेली गोगलगाय बाधित असेल तर सर्केरिया सोडते, आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांत तो आहे. डीएनएसाठी मद्यार्कात जपलेला नमुना नागपूरला पाठविता येतो. प्रत्येक बाटलीवर तलावाचे नाव, गाव, तारीख आणि जवळच्या पाणवठ्यावर कोणती जनावरे येतात, एवढे चिठ्ठीवर लिहून ठेवले पाहिजे. गिमवीच्या बाबतीत आज अडते ते अशा बाटलीपाशीच.